पूल उडवा म्हटलं की पूल उडत नाही

आमच्या क्रायसिस कमिटीच्या, म्हणजे विद्यार्थ्यांनी खेळायच्या राज्यकारभाराच्या खेळाच्या, दुसऱ्या दिवशी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी आमच्या टेबलावर एक चिठ्ठी आली. वहीच्या फाडलेल्या अर्ध्या पानावर निळ्या पेनानं तीन शब्द: "नळदुर्गचा पूल उडवा." खाली सही होती, 'मेजर जनरल अल इद्रूस, सेनापती, हैदराबाद संस्थान'. हे सेनापती बारावी सायन्सला होते, अहमदपूरकडचे, आणि शेजारच्या वर्गात निजामाच्या मंत्रिमंडळात बसले होते. आम्ही चिठ्ठीवर लाल पेनानं लिहिलं, "कोण उडवणार? कशानं? कधी?" आणि ती परत धाडली. दोन मिनिटांत सेनापती स्वतःच दाराशी हजर. "मॅडम, सेनापती मी हाय. मी म्हटलं उडवा, तर उडवायचा ना. बॅकरूमवाले काय करायलेत मग?" बॅकरूमवाले म्हणजे आम्ही, चिठ्ठ्यांवर निकाल देणारे.

क्रायसिस कमिटी म्हणजे काय, असं कुणी विचारलं की मला हा मुलगा आठवतो. त्याचा प्रश्न अगदी रास्त होता. हुकूम सुटला आणि काम झालं, यांच्यामध्ये जेवढं काही घडावं लागतं, त्याचाच हा खेळ आहे.

ज्यांच्या घरात अजून हे खूळ शिरलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं मागून सांगते. मॉडेल युनायटेड नेशन्स म्हणजे संयुक्त राष्ट्रांची विद्यार्थ्यांनी केलेली नक्कल. इंग्रजी आद्याक्षरं जोडून पोरं त्याला 'मन' म्हणतात. "माझी तीन मनं झाली", "पुण्याला मन करून आलो" अशी वाक्यं कानावर आली की घरची म्हातारी माणसं जरा काळजीत पडतात. साध्या कमिटीत प्रत्येक विद्यार्थी एकेका देशाचा प्रतिनिधी असतो. आमसभेत आज १९३ देश आहेत, सुरक्षा परिषदेत १५. भाषणं होतात, गट पडतात, मसुदे फिरतात आणि दोन दिवसांनी एक ठराव मंजूर होतो. ठरावाची भाषा ठरलेली: ही सभा चिंता व्यक्त करते, आवाहन करते, स्मरण करून देते. आवाहनानंतर जगात काय झालं ते कुणालाच कळत नाही, कारण तोवर प्रमाणपत्रं वाटून मांडव निघालेला असतो.

क्रायसिस कमिटीत देश नसतात, माणसं असतात. बारा ते वीस जण, प्रत्येकाला एक पद, त्या पदाचे अधिकार, आणि भिंतीवर पळणारं घड्याळ. इथं ठराव होत नाही, हुकूम सुटतो. हुकमाचा परिणाम अर्ध्या तासात बातमी होऊन तुमच्याच अंगावर येतो, मग त्या बातमीवर पुढचा हुकूम. आपल्याकडच्या मंडळींत याला 'सीसीसी' म्हणतात, कंटिन्युअस क्रायसिस कमिटी. संकट संपत नाही म्हणून कंटिन्युअस.

दोन्हींतला फरक आपल्या मराठवाड्याच्याच इतिहासात इतका स्वच्छ दिसतो की मला दुसरं उदाहरण शोधावं लागत नाही. नोव्हेंबर १९४७ मध्ये निजामानं भारत सरकारशी एक वर्षाचा 'जैसे थे' करार केला. तो धड पाळला गेला नाही आणि २१ ऑगस्ट १९४८ रोजी हैदराबादनं संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेकडे भारताविरुद्ध तक्रार नेली. तक्रार गेली, फाइल हलली, बैठकीची तारीख पडली. पॅरिसमध्ये परिषदेपुढे विषय निघाला तो १६ सप्टेंबरला. तोवर भारतीय सैन्य हैदराबाद संस्थानात शिरून तीन दिवस झाले होते. हीच ती पोलीस ॲक्शन. १७ तारखेला निजामानं शस्त्रसंधी जाहीर केली, १८ ला अल इद्रूस यांनी भारतीय सैन्याचे मेजर जनरल चौधरी यांच्यापुढे शरणागती पत्करली आणि २२ ला निजामानं तक्रार मागे घेत असल्याचं कळवलं. पॅरिसच्या टेबलावर जे चाललं होतं ती साधी कमिटी. हैदराबादेत आणि दिल्लीत त्याच आठवड्यात चालली होती ती क्रायसिस कमिटी.

म्हणून आम्ही दरवर्षी हाच विषय घेतो, दोन मंत्रिमंडळं समोरासमोर ठेवून. एका वर्गात निजामाचं मंत्रिमंडळ, दुसऱ्यात दिल्लीचं. एकाच संकटावर दोन कमिट्या अशा भिडवल्या की त्याला जॉइंट क्रायसिस म्हणतात. सुरुवातीची तारीख आम्ही धरतो तक्रारीची, २१ ऑगस्ट. तिला 'फ्रीझ डेट' म्हणायचं. तिथवरचा इतिहास जसा घडला तसा, त्यापुढचं रान मोकळं. पुस्तक पाठ करून आलेली पोरं इथं हमखास अडखळतात. "पण सर, सतरा सप्टेंबरला आपण शरण जातो ना?" असं निजामाच्याच एका मंत्र्यानं भर बैठकीत म्हटलं होतं. उद्याचा पेपर आज वाचून यायचं नाही, एवढी एकच सक्ती. खेळातलं घड्याळ आम्ही असं लावतो की बाहेरचा एक तास म्हणजे आतले दोन दिवस. हा हिशेब लक्षात ठेवा, शेवटी लागेल.

आता खोल्यांकडे येऊ, कारण नव्या माणसाचा सगळा गोंधळ तिथंच होतो. प्रतिनिधी बसतात ती फ्रंटरूम. तिथं अध्यक्ष असतो, ईबी म्हणजे एक्झिक्युटिव्ह बोर्ड असतं, भाषणं होतात, हात वर होतात, मतदान होतं. पाहायला आलेल्या पालकांना आणि संस्थेच्या अध्यक्षांना फक्त हीच खोली दाखवतात. खरा कारभार बॅकरूममध्ये. आमची बॅकरूम फिजिक्सच्या लॅबमध्ये भरते, कारण तिथली टेबलं लांब आहेत आणि दाराला आतून कडी आहे. भिंतीवर जुन्या हैदराबाद संस्थानाचा नकाशा, त्यात औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड आणि उस्मानाबाद हे आपले तेव्हाचे पाच जिल्हे रंगवलेले. खिडकीपासून कपाटापर्यंत सुतळी बांधून तिला कपडे वाळत घालायचे चिमटे लावलेत. डावीकडे नव्या चिठ्ठ्या, मध्ये विचारात असलेल्या, उजवीकडे निकाली निघालेल्या. आणि दाराशी एका स्टुलावर आवक-जावक रजिस्टर, लाल कापडी पुठ्ठ्याचं, ऑफिसातून मागून आणलेलं. अकरावीची चार पोरं निरोप्ये म्हणून धावत असतात. चिठ्ठी आणली की आधी रजिस्टरला क्रमांक, पाठवणाऱ्याचं पद आणि वेळ, मगच टेबलावर. मोठ्या शहरांतल्या परिषदांत हल्ली हे सगळं लॅपटॉपवर चालतं. आमचं नेट पावसात जातं, रजिस्टर जात नाही.

फ्रंटरूममधला प्रत्येक जण दोन कामं एकदम करत असतो. तोंडानं तो सगळ्यांसमोर चर्चा करतो आणि टेबलाखाली हातानं चिठ्ठ्या लिहितो. मंत्रिमंडळानं मिळून काढलेला जाहीर आदेश मतदानानं मंजूर व्हावा लागतो. तो अध्यक्षाच्या हातून बॅकरूमकडे येतो. स्वतःच्या अधिकारातली खासगी चिठ्ठी मात्र कुणालाही न विचारता, न दाखवता थेट पाठवता येते. दोघातिघांनी गुपचूप मिळून लिहिलेली संयुक्त चिठ्ठीही चालते. शिवाय वर्तमानपत्राला निवेदन आणि समोरच्या मंत्रिमंडळाला खलिता. खलित्याला उत्तर द्यायचं की नाही, आणि दोन आले तर कुठल्याला, हाही डावच आहे. क्यूबाच्या क्षेपणास्त्र संकटात ऑक्टोबर १९६२ मध्ये ख्रुश्चेव्ह यांची केनेडींना लागोपाठ दोन पत्रं आली, पहिलं मवाळ, दुसरं कडक. केनेडींनी उत्तर दिलं ते पहिल्याला. जगभर क्रायसिस कमिट्यांना हा प्रसंग अतिशय प्रिय आहे, आणि का ते यावरून कळावं.

अधिकाराचं मात्र नीट समजून घ्यायला हवं. प्रत्येकाला आम्ही एक कागद देतो, त्यावर त्याच्या हातात काय आहे आणि काय नाही ते लिहिलेलं. अल इद्रूसकडे सैन्य आहे, २२ हजारांच्या आसपास, पण खजिन्याची किल्ली नाही. मोईन नवाज जंग यांच्याकडे अर्थ आणि परराष्ट्र दोन्ही खाती, पण एक शिपाई हलवायची सोय नाही. पोलीसप्रमुख दीन यार जंग यांना शहरात कोण कुणाला भेटतं ते माहीत, पण सरहद्दीवर त्यांचा उपयोग नाही. हैदराबादेजवळ बोलारमला राहणारे भारताचे एजंट जनरल, म्हणजे प्रतिनिधी, कन्हैयालाल मुन्शी यांच्याकडे ना फौज ना पैसा. त्यांच्याकडे कान आहेत आणि तार. पहिल्या वर्षी मुन्शी मिळालेला मुलगा रुसून बसला होता, "मला काहीच पॉवर नाही" म्हणून. दुपारपर्यंत त्याच्या लक्षात आलं की दिल्लीला खबर पोचवणारा तो एकटाच आहे, आणि मग सरदार पटेल झालेली मुलगीसुद्धा त्याची चिठ्ठी आल्याशिवाय तोंड उघडेना.

सगळ्यांत अवघड पद स्वामी रामानंद तीर्थांचं. स्टेट काँग्रेसचे नेते, पण त्या काळात तुरुंगात. गेल्या खेपेला ते एका मुलीकडे आलं. तुरुंगातल्या माणसानं आदेश द्यायचे कुणाला? तिनं पहिली चिठ्ठी आदेशाची लिहिलीच नाही. तिनं लिहिलं, धुण्याच्या गाठोड्यातून कागद बाहेर जाईल, अमुक एका वॉर्डरला तो सोलापूरच्या कॅम्पपर्यंत न्यायला किती दिवस लागतील ते कळवा. आधी रस्ता केला, मग निरोप धाडला. बॅकरूममध्ये आम्ही तिघंही ती चिठ्ठी वाचून एकमेकांकडे बघत बसलो.

हुकूम लिहिणं हीच या खेळातली कला. इथं आपल्याला आपली सरकारी मराठी आडवी येते. अहमदपूरचा सेनापती दुसऱ्यांदा आला तो असा कागद घेऊन: "सदर पूल नष्ट करण्याबाबत तात्काळ उचित कार्यवाही करण्यात यावी." वडील पंचायत समितीत आहेत, कानावर पडलेली भाषा. वाक्य भारदस्त आहे, पण त्यात माणूसच नाही. 'करण्यात यावी' म्हटलं की करणारा गायब होतो. 'उचित' म्हटलं की काय करायचं ते गायब होतं, आणि 'तात्काळ' हा शब्द तर आपण इतका वापरलाय की त्याला तारीखच उरली नाही. तहसीलमधून असा कागद सुटतो तेव्हा खालच्या टेबलावरची माणसं आपल्या अनुभवानं रिकाम्या जागा भरतात, म्हणून निदान काहीतरी घडतं. बॅकरूम रिकाम्या जागा भरत नाही. 'करण्यात यावी'ची चिठ्ठी आमच्याकडून परत जाते, हा नियम मी दारावरच चिकटवलाय.

मुलांना हे समजावताना मी लातूरच्या पाण्याच्या रेल्वेची गोष्ट सांगते. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. आता समजा तुम्ही मंत्री आहात आणि चिठ्ठी लिहिली, "लातूरला रेल्वेनं पाणी पाठवा." बॅकरूम काय विचारेल? कुठल्या वाघिणी? तेलाच्या असतील तर धुणार कोण? खऱ्या आयुष्यात त्या राजस्थानातल्या कोटा इथं धुऊन निघाल्या. भरायच्या कुठून, कुठल्या नळानं? लातूरला उतरवायचं कशात? स्टेशनाजवळच्या विहिरीत. विहिरीतून शुद्धीकरण केंद्रापर्यंत? टँकरनं. पहिल्या खेपेला १० वाघिणी होत्या, म्हणजे ५ लाख लिटर. पुढं त्या ५० झाल्या. आणि पाण्याच्या टाक्यांवर गर्दी करून हाणामाऱ्या झाल्या तर? म्हणून मार्चमध्येच शहरात पाणी भरण्याच्या ठिकाणी १४४ कलम लावलं होतं. एवढे सगळे कागद वेगवेगळ्या टेबलांवरून हलले तेव्हा कुठं ते पाणी आलं. नव्या पोरांना इतिहास जड जातो असं वाटलं तर हाच विषय घ्या: जिल्हाधिकारी, रेल्वेचा अधिकारी, महापौर, टँकरवाल्यांचा म्होरक्या आणि आपल्या वाटच्या पाण्याची काळजी लागलेले मिरजेकडचे शेतकरी. एका दिवसात उत्तम रंगतं.

चिठ्ठी नीट लिहून आली की बॅकरूम निकाल देते. सगळं जमलं, अर्धंमुर्धं जमलं, किंवा अंगलट आलं, अशा तीन वाटा. सपाट 'नाही' म्हणायचं मी टाळते, कारण 'नाही'नं खेळ थांबतो. त्यापेक्षा किंमत सांगायची. कराचीहून विमानानं शस्त्रं आणायचीत? आणा, सिडनी कॉटन नावाचा वैमानिक तेव्हा खरोखरच हैदराबादसाठी हे करत होता. पण विमान रात्री उतरवायचं, धावपट्टीवर दिवे लावायचे आणि दिवे लावले की मुन्शींच्या माणसांना दिसणार. हा निकाल देताना आम्ही शक्यता बघतो, खर्च बघतो आणि समोरच्या खोलीतली कुठली चिठ्ठी याला आडवी जाते का ते बघतो. अगदीच काट्यावर असेल तर फासा टाकतो. यात कमीपणा काही नाही. प्रशियाच्या लष्करात १८२४ मध्ये राइसविट्झ नावाच्या अधिकाऱ्यानं नकाशावरचा युद्धखेळ आणला, त्यातही दोन्ही बाजूंचे हुकूम पंचाकडे जात, पंच निकाल देई आणि फासे पडत. आमची फिजिक्स लॅब त्या पंचाचीच नात म्हणायची.

वाईट बॅकरूम कशी असते तेही सांगते. विद्यार्थिनी असताना मी एका मोठ्या शहरातल्या परिषदेला गेले होते. दोन दिवसांत चौदा चिठ्ठ्या लिहिल्या आणि एकीचंही उत्तर आलं नाही. शेवटी कळलं की क्रायसिस डायरेक्टरनं, म्हणजे बॅकरूमच्या प्रमुखानं, सगळी गोष्ट घरूनच टाईप करून आणली होती. तिसऱ्या सत्रात बाँबस्फोट, चौथ्यात राजीनामा, असं ठरलेलं. आम्ही काहीही लिहिलं तरी स्फोट होणारच होता. पाटीवर लिहिलेलं नाटक आणि आम्ही फुकटचे मावळे. तेव्हापासून माझा कटाक्ष आहे की पहिल्या दोन बातम्या तेवढ्या तयार ठेवायच्या, बाकीच्या चिठ्ठ्यांतूनच उगवू द्यायच्या. अपवाद एकच, इतिहासानंच टाकलेला बाँब. ११ सप्टेंबरला जिना वारले ही बातमी आम्ही त्या तारखेला येतेच येते अशी ठेवतो, आणि ती वाचल्यावर दोन्ही खोल्यांत अचानक जी कुजबूज सुरू होते ती ऐकण्यासारखी असते.

बातमीला म्हणतात क्रायसिस अपडेट. निरोप्या धावत येतो, भाषण मध्येच तोडतो आणि तार वाचतो. थोडी नाटकं हवीत. आमचा एक पोरगा डेक्कन रेडिओचा निवेदक बनून उर्दूत सुरुवात करतो आणि चौथ्या शब्दाला मराठीवर येतो. पण अपडेटमध्ये दोन गोष्टी हव्यातच: कुणाच्या तरी चिठ्ठीचा परिणाम दिसला पाहिजे, आणि ऐकणाऱ्या निदान तिघांना आता काहीतरी करावंच लागेल असं झालं पाहिजे. नुसता भूकंप आणून उपयोग नाही.

मुरलेले खेळाडू सुट्या चिठ्ठ्या लिहीत नाहीत. ते माळ ओवतात. त्याला आर्क म्हणतात. पहिल्या चिठ्ठीत निरुपद्रवी चौकशी, दुसरीत एक माणूस नेमायचा, तिसरीत त्याला पैसे, आणि सातव्या-आठव्या चिठ्ठीला समोरच्याच्या पायाखालची सतरंजी निघालेली असते. हे कळायला पुन्हा खराच प्रसंग बघा. शरणागतीनंतर दोनच दिवसांनी, २० सप्टेंबर १९४८ ला, निजामाच्या खात्यातून दहा लाख पौंडांहून थोडी जास्त रक्कम लंडनमधले पाकिस्तानचे उच्चायुक्त रहिमतुल्ला यांच्या नावच्या बँक खात्यात गेली. पाठवणारे होते मोईन नवाज जंग. निजामानं आठवड्याच्या आत कळवलं की हे माझ्या संमतीशिवाय झालं, पैसे परत करा. बँकेनं पैसे गोठवून ठेवले. खटला लंडनच्या हायकोर्टात निकाली निघाला २ ऑक्टोबर २०१९ ला, भारत आणि निजामाच्या वारसांच्या बाजूनं. तोवर रक्कम साडेतीन कोटी पौंडांवर गेली होती. मंत्रिमंडळात भाषण नाही, मतदान नाही, एक खासगी चिठ्ठी, आणि ७१ वर्षं तिचा निकाल लागत होता. आमच्या पोरांतला मोईन नवाज जंग दरवर्षी गप्पच असतो. दरवर्षी मी अध्यक्षांना सांगते, त्या गप्प बसलेल्याकडे लक्ष ठेवा.

कासिम रझवी मी कुणालाही देत नाही. निजामाच्या बाजूनं लढणाऱ्या रझाकारांचा म्होरक्या, आणि वकिली लातूरची. आमच्याकडे असे वर्ग असतात की एका बाकावर रझाकारांच्या भीतीनं गाव सोडलेल्या घरातला नातू आणि शेजारच्या बाकावर पोलीस ॲक्शननंतरच्या दिवसांत घरातली माणसं गमावलेल्या घरातली नात बसलेली असते. त्या नंतरच्या हिंसेची पाहणी करायला नेहरूंनी सुंदरलाल समिती पाठवली होती, तिचा अहवाल कित्येक दशकं बंदच होता. सोळा वर्षांच्या पोराला टाळ्या मिळाव्यात म्हणून यातलं काही खेळायला लावायचं नाही. रझवी बॅकरूममध्ये, आमच्या हातात. गाव जाळा, माणसं मारा असली चिठ्ठी आली तर ती रजिस्टरलाही चढत नाही, आणि लिहिणाऱ्याला चहाच्या सुट्टीत बाजूला घेते. इतर ठिकाणी गंमत म्हणून एकमेकांचे खून पाडतात. सहकारी मंत्र्याला विष घालायची चिठ्ठी हा तर त्यांचा राष्ट्रीय खेळ. आमच्याकडे तो चालत नाही, आणि त्यानं खेळ फिका पडला असं मला कधी वाटलं नाही.

तशीच 'मिडनाइट क्रायसिस'ची गोष्ट. मोठ्या परिषदांत प्रतिनिधींना मध्यरात्री उठवून आणीबाणीची बैठक घेतात. आमच्या निम्म्या मंत्रिमंडळाची शेवटची एसटी साडेसहाची. त्यामुळे आमची मध्यरात्र सव्वाचारला होते.

बक्षिसांबद्दल फार लिहीत नाही. उत्तम प्रतिनिधी निवडताना दोन्ही खोल्यांचे गुण एकत्र करायला हवेत, एवढंच. फ्रंटरूममध्ये झोकात इंग्रजी बोलणारा नेहमी डोळ्यात भरतो. ढिगानं चिठ्ठ्या पाडणाराही भरतो. एकानं एका दिवसात एकेचाळीस लिहिल्या होत्या, त्यातल्या तीन वाचण्यालायक. आम्ही चिठ्ठ्या मराठीत, हिंदीत, उर्दूत, कशाही घेतो. हे सुरू केल्यापासून बोलताना मान खाली घालणारी पोरं बॅकरूमला पळता भुई थोडी करू लागली. टँकर कुठं भरतो, कुणाच्या सहीनं सुटतो आणि कुठल्या वस्तीवर पोचत नाही, हे लहानपणापासून बघितलेल्या पोरांना हुकूम कुठं अडतो ते आम्ही काय शिकवणार?

तर आमचे सेनापती. तिसऱ्या खेपेला ते आले नाहीत, निरोप्या आला, आणि या वेळी कागद पूर्ण पानाचा होता. "नळदुर्गच्या तुकडीतले आठ जवान आज रात्री दहा वाजता बोरी नदीच्या पुलाच्या मधल्या दोन खांबांना सुरुंग लावतील. दारूगोळा किल्ल्यातल्या साठ्यातून. लगेच उडवायचा नाही. सोलापूरच्या बाजूनं लष्करी गाड्या दिसल्या की बुरुजावरून दिव्याची खूण होईल, तेव्हाच वात पेटवायची. तोवर बैलगाड्या, मोटारी नेहमीसारख्या सोडायच्या, म्हणजे संशय येणार नाही. सुरुंग नाही पेटले तर अलीकडं रस्त्यात दगड आणि झाडं आडवी टाकायची."

मी ती चिठ्ठी दोरीला लावली नाही, हातातच धरून बसले. पाऊण तासापूर्वी तीन शब्द लिहिणाऱ्या पोराची ही चिठ्ठी होती. पण मधल्या चिमट्यावर आधीच एक चिठ्ठी लटकत होती, दिल्लीच्या खोलीतून आलेली: अंधार पडल्यावर साध्या वेशात वीस माणसं सरहद्द ओलांडून पुलाच्या दोन्ही टोकांवर दबा धरून बसतील. त्या मुलीनं इतिहास वाचला होता की तिला सुचलं, माहीत नाही. खऱ्या आयुष्यातही १३ सप्टेंबरला भारतीय सैन्यानं झपाट्यानं येऊन बोरीवरचा तो पूल शाबूत ताब्यात घेतला होता, आणि नळदुर्ग त्यामुळेच लवकर पडलं.

अपडेट वाचलं गेलं. पूल दिल्लीच्या हातात, सुरुंगवाले आठही जण पकडले गेले. निजामाच्या खोलीत सन्नाटा, आणि मग ठरल्याप्रमाणे दाराशी सेनापती. या वेळी भांडायला नाही. "त्यांची चिठ्ठी कधी आली, मॅडम?"

मी रजिस्टर पुढं सरकवलं. त्यानं बोट ठेवून दोन ओळी वाचल्या. आवक क्रमांक ५९, दिल्ली, ११:४०. आवक क्रमांक ६४, हैदराबाद, ११:५२. ओठ हलवत त्यानं हिशेब केला. एका तासाला दोन दिवस, तर बारा मिनिटांना साडेनऊ तासांहून थोडं जास्त.

"म्हणजे अख्खी रात्र गेली की," तो म्हणाला. मग स्टुलावरचं निरोप्याचं पेन उचलून विचारलं, "कोरा कागद आहे का एखादा?"